फिजीत नुसतं ‘बुला’ म्हणून भागत नाही

नीलमोहोर

नादीच्या विमानतळावर उतरलं की गिटार घेतलेली मंडळी ‘बुला’ म्हणतात. मग टॅक्सीवाला म्हणतो, मग हॉटेलातला पोरगा, मग जिन्यात भेटलेला अनोळखी माणूस. आठवड्यात त्यात ‘विनाका’ म्हणजे धन्यवाद आणि ‘मोदे’ म्हणजे निरोप, एवढी भर पडते. आली आपल्याला फिजीयन, असं वाटून माणूस खुशीत घरी जातो.

मी सुव्यात, म्हणजे फिजीच्या राजधानीत, कामानिमित्त राहते. माझं मत थोडं तिखट आहे: पर्यटकांच्या यादीतले हे तीन शब्द शिष्टाचाराच्या दृष्टीने सगळ्यात कमी कामाचे. चुकीचे नव्हेत, पण त्यांच्यात आदर नाही, नुसता आनंद आहे. आदर बसलाय तो चार बारक्या शब्दांत, आणि ते कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाहीत.

पहिला ‘नी’. शेजारच्या पोराला नुसतं ‘बुला’ चालतं, त्याच्या आजीला ‘नी सा बुला’. सकाळी ‘नी सा यान्द्रा’, निघताना ‘नी सा मोदे’. फिजीयनमध्ये समोरच्यांना संबोधायला चार सर्वनामं आहेत: एकाला ‘इको’, दोघांना ‘केमुन्द्राउ’, तिघाचौघांना ‘केमुन्दोउ’, बऱ्याच जणांना ‘केमुनी’. आणि माणूस एकटाच असला, पण मोठा असला, तर त्यालाही बऱ्याच जणांचंच ‘केमुनी’. हा ‘नी’ त्याच घरातला. तू आणि तुम्ही यांच्यात वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. माझ्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्याला मात्र एकट्या माणसाशी अनेकवचनात बोलायचं ही कल्पनाच गमतीची वाटते.

दुसरा ‘साका’. ‘इओ’ म्हणजे हो. ‘इओ साका’ म्हणजे हो साहेब, हो बाई, हो काका, समोर असेल त्याप्रमाणे. बाई-पुरुष भेद नाही. ‘विनाका साका’, ‘नी सा बुला साका’, कशालाही जोडा. सरकारी कचेरीत, चर्चमध्ये, फोनवर हा सारखा कानावर पडतो.

तिसरा माझा सगळ्यात लाडका: ‘मान्दा’. फिजीयनमध्ये ‘कृपया’साठी ‘केरेकेरे’ आहे आणि ‘यालो विनाका’ आहे. पण घरात, बाजारात, ऑफिसात हुकमाची धार घालवायला क्रियापदामागे ‘मान्दा’ लावतात. ‘वावा मान्दा’ म्हणजे थांबा जरा. ‘लाको मान्दा माइ’ म्हणजे या ना इकडे. आपण नाही का, ‘कृपया’ फलकांवर ठेवून देतो आणि बोलताना ‘जरा’ आणि ‘ना’ वर काम भागवतो?

चौथा ‘तुलोउ’. यावर स्वतंत्र लिहायला हवं, कारण हा शब्द तोंडाने म्हणायचा नाही, अंगाने म्हणायचा आहे.

आमच्या ऑफिसच्या चहाच्या खोलीत कप वरच्या फळीवर असतात. फळीखाली बाक. मी बाकावर बसले होते आणि आमचा एक तरुण सहकारी आत आला. रग्बी खेळणारा, दारातून आत येताना मान तिरकी करणारा गडी. दारातच कमरेत वाकला. ‘तुलोउ, तुलोउ’ पुटपुटत, जवळजवळ गुडघ्यांना हात लावून माझ्यासमोरून गेला. फळीवरचा कप काढताना आवाज आणखी खाली आला, ‘तुलोउ’. कप हातात आल्यावर तो आधी खाली टेकला, दोन्ही तळवे पोकळ करून हलकेच टाळ्या वाजवल्या आणि मग किटली लावली. का? तर माझ्या डोक्यावरून त्याचा हात गेला होता. त्या टाळीला ‘थोम्बो’ म्हणतात. आपल्यासारखी सपाट टाळी नव्हे, तळव्यांत हवा धरून वाजवलेली, तिचा आवाज खोल येतो.

इथे डोकं हा पवित्र अवयव. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, लहान मुलाचं कौतुकाने डोकं कुरवाळायचं नाही, बसलेल्या माणसांत उभं राहून बोलायचं नाही. बसलेल्यांसमोरून जायचं तर स्वतःची उंची कमी करायची आणि ‘तुलोउ’ म्हणायचं. वाकला नाहीत आणि दहा वेळा तुलोउ म्हणालात तर ते उर्मटपणाच्या जवळ जातं. उलट शब्द आला नाही पण वाकून गेलात, तर सगळे हसून मान डोलावतात.

उच्चाराचं सांगते, नाहीतर प्रतिसादांत भांडणं होतील. फिजीयन रोमन लिपीत लिहितात, पण अक्षरांचे आवाज इंग्रजीतले नाहीत. १८३५ मध्ये लाकेम्बा बेटावर आलेल्या डेव्हिड कारगिल आणि विल्यम क्रॉस या मेथडिस्ट मिशनऱ्यांनी ती बसवली. एका आवाजाला एकच अक्षर असा त्यांचा हिशेब. म्हणून लिहिताना सी, म्हणताना जीभ दातांत धरून काढलेला द: ‘मोदे’. त्याच अक्षराने ‘थोम्बो’ लिहितात, देवनागरीत ते कधी थ तर कधी द होतं, इलाज नाही. लिहिताना डी, म्हणताना न्द, म्हणून नादी हे खरं ‘नान्दी’. बी म्हणजे म्ब, आणि ‘बुला’ नीट ऐकलंत तर ‘म्बुला’ आहे. जी म्हणजे ङ. लहानपणी अक्षरओळखीत पाठ केलेला आणि पुन्हा कधी न भेटलेला ङ मला इथे रोज भेटतो.

बाकी तुम्ही विचाराल तसं सांगेन.

टिवल्याबावल्या

वाचनखूण साठवली आहे. ङ चं पुनर्वसन झालेलं पाहून डोळे भरून आले. प्रश्न एकच: ‘कुठे निघालात’ हे तिथे विचारलेलं चालतं का? आमच्या घरी बाहेर पडताना असं टोकलं की आजी परत आत बोलावून पाणी प्यायला लावायची.

नीलमोहोर

@टिवल्याबावल्या, चालतं काय, विचारलं नाही तर लोकांना वाटतं रागावलात! ‘ओ लाइ वेइ?’ म्हणजे कुठे चाललास, मोठ्यांना ‘ओ नी लाइ वेइ?’. हे तिथलं रस्त्यावरचं अभिवादनच आहे. उत्तर खरं द्यायची सक्ती नाही. ‘लाइ ङान्दे’ म्हणजे ‘हे आपलं, फिरायला’ म्हटलं की झालं. बँकेत निघालेला माणूसही तेच सांगतो.

असंच दुसरं ‘माइ काना’, या जेवायला. खेड्यात घरांची दारं उघडी असतात, आतली मंडळी चटईवर जेवत असतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही आतून हाक येते. आपल्याकडे ताटावर बसलेला माणूस ‘या जेवायला’ म्हणतो आणि आलेला ‘चालू द्या, चालू द्या’ म्हणतो, तसंच. तिथे म्हणायचं ‘विनाका, आउ सा मामाउ’, धन्यवाद, पोट भरलंय. न थांबता, न बोलता पुढे जाणं मात्र वाईट दिसतं. आणि गेलात आत तर खरोखर वाढतात, तयारी ठेवा.

खारा_वारा

जहाजावर होतो तेव्हा साखर भरायला लौटोकाला जाणं व्हायचं. लौटोका हे फिजीचं साखरेचं बंदर. तिथे गोदीवरच्या लोकांबरोबर यांगोना पिण्याचा योग आला. बाहेर तिला कावा म्हणतात, तिथले भारतीय नंगोना. मिरीच्या कुळातल्या एका झुडपाची मुळं वाळवून, कुटून, पाण्यात कालवून गाळायची. कोकणातली मिरवेल आणि विड्याचं पान ही तिची चुलत भावंडं. जीभ आणि ओठ बधिर होतात, डोकं शांत होतं, मारामारी होत नाही. दारूच्या अगदी उलट कारभार.

पण त्या बैठकीचा शिस्तीचा भाग सांगतो, ताईंनी तो सोडलाय. मध्ये ‘तानोआ’ हे लाकडी कठवत, भोवती मांडी घालून माणसं. करवंटीचा पेला, ‘म्बिलो’, तुमच्यापुढे आला की एक थोम्बो वाजवायचा, ‘बुला’ म्हणायचं, एका दमात प्यायचं, पेला परत द्यायचा आणि तीन टाळ्या. बाकीचे म्हणतात ‘मादा’, म्हणजे रिकामा झाला. घोट घोट घेत गप्पा मारायच्या नाहीत. पाहुण्याला आधी विचारतात, भरती की ओहोटी? म्हणजे पेला काठोकाठ हवा की अर्धा. दर्यावर्दी माणूस म्हणून मी भरती म्हणालो. पुढचं विचारू नका, फक्त एवढंच की जेवणाची चव कळली नाही.

आणि पहिला पेला कुणाला, दुसरा कुणाला, हे ठरलेलं असतं. तिथे घाई करायची नाही.

कडूलिंब

धागा छान आहे, पण प्रतिसाद सगळे गोडगोड वाटले म्हणून मीठ टाकतो. हे ‘केरेकेरे’ प्रकरण मी वेगळं ऐकलंय. नातेवाईक येऊन ‘केरेकेरे’ म्हणतात आणि तुमचा शर्ट, तुमची कोंबडी, तुमचा पगार घेऊन जातात आणि परत देत नाहीत. याला ‘कृपया’ म्हणायचं? दुसरं, सतत वाकायचं, खाली बसायचं, मोठ्यांसमोर बोलायचं नाही, ही उतरंड आहे. आपल्याकडे असलं काही दिसलं की आपण सरंजामी म्हणतो. पॅसिफिक समुद्रात दिसलं की संस्कृती?

नीलमोहोर

@कडूलिंब, मीठ हवंच होतं.

केरेकेरे दोन्ही आहे. दुकानात ‘केरेकेरे, एक पाव’ म्हणाल तेव्हा ते साधं ‘द्या हो जरा’ असतं. पण त्याच नावाची जुनी रीतही आहे: नातलगाला नड असेल तर त्याने येऊन मागावं आणि ज्याच्याकडे आहे त्याने द्यावं. परतीची तारीख नाही, व्याज नाही, चिठ्ठी नाही. उद्या मागणारा तुम्ही असाल. जिथे सगळ्यांकडे वाडी आणि समुद्र होता तिथे हे नीट चालत होतं. सुव्यात महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याला मात्र जड जातं, हे माझे सहकारी स्वतःच सांगतात. तोंडावर ‘नाही’ म्हणणं मागण्यापेक्षा वाईट समजतात, म्हणून लोक ‘सा ओती’ म्हणतात, संपलंय. आमच्या ऑफिसातल्या एक बाई पगार झाला की त्याच दिवशी मुलांची फी भरून, तांदळाचं पोतं घेऊनच घरी जातात. म्हणजे ‘सा ओती’ म्हणताना खोटं बोलावं लागत नाही.

उतरंडीचं म्हणाल तर आहेच. घरात चटईचीही वरची बाजू आणि खालची बाजू असते. दारापासून लांबची ती वरची, तिथे वडीलधारे आणि पाहुणे. दाराजवळ तरुण मुलं आणि बऱ्याचदा बायका. मला ते सगळं गोड वाटत नाही. पण एक फरक जाणवतो. सभ्य वागण्याला त्यांच्याकडे ‘वाकातुरांङा’ म्हणतात, म्हणजे सरदाराला शोभेल असं, आणि ती अपेक्षा सरदाराकडूनही असते. आवाज चढवणारा, लोकांसमोर दुसऱ्याला खाली पाडणारा मोठा माणूसही त्यात नापास होतो. निदान शब्दात तरी वरच्याला सूट नाही.

सातारी_तडका

एक शंका. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते, सासूला आत्या म्हणते. कारण उघड आहे, मामाची पोरगी करायची पद्धत. कुठंतरी वाचल्यासारखं वाटतंय की फिजीतपण असंच काहीतरी हाय. खरं का?

शब्दवेडा

@सातारी_तडका, अगदी खरं, आणि या धाग्यातला माझ्या आवडीचा मुद्दा तुम्हीच काढलात.

फिजीयनमध्ये आईच्या भावाला हाक मारायची ‘मोमो’. सासऱ्यालाही मोमो. वडिलांच्या बहिणीला ‘नेइ’, सासूलाही नेइ. उच्चारातलं मामा-मोमो साम्य हा योगायोग, भाषा पूर्णपणे वेगळ्या कुळातली आहे. पण व्यवस्था एकच: मामाची किंवा आत्याची मुलं लग्नाला चालतात, काकाची आणि मावशीची सख्खी भावंडं धरली जातात. मानववंशशास्त्रज्ञ या प्रकाराला द्रविडी नातेव्यवस्था म्हणतात, आणि फिजी हे दक्षिण भारताबाहेरचं तिचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे.

शिष्टाचाराशी याचा थेट संबंध आहे. कुणाशी किती अदबीने बोलायचं हे वयावर जितकं, तितकंच नात्यावर ठरतं. परंपरेने भाऊ आणि बहीण मोठे झाले की एकमेकांशी थट्टा करत नाहीत, जुन्या पद्धतीच्या घरांत सरळ बोलणंही टाळतात. उलट ‘तावाले’, म्हणजे मामेभाऊ-आतेभाऊ आणि मेहुणाही, एकमेकांना वाट्टेल ते बोलू शकतात. बोलायलाच हवं. तिथे ‘साका’ लावून अदबीने बोललात तर समोरचा विचारेल, माझं काही चुकलं का? असंच गावागावांत, प्रांताप्रांतांतही असतं. ज्यांचे मूळ पूर्वज-देव एक ते ‘ताउवु’. दोन ताउवु पहिल्यांदा भेटले तरी पाच मिनिटांत एकमेकांचा उद्धार सुरू होतो आणि बाहेरच्याला वाटतं आता जुंपणार.

आता सर्वनामांची गंमत. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, हिंदीवाल्यांना आणि इंग्रजांना हे जमत नाही. फिजीयनमध्येही तो फरक आहे आणि वर दोघे, थोडे, बरेच असे तीन हिशेब. म्हणजे ‘आम्ही-आपण’साठी सहा शब्द. ‘केइमामी’ म्हणजे आम्ही सगळे, तुम्ही सोडून. ‘केन्दा’ म्हणजे आपण सगळे. ख्रिस्ती प्रार्थनेची सुरुवात तिथे ‘तामा इ केइमामी’ अशी होते, कारण देव त्या ‘आम्ही’त धरलेला नाही. मराठीतही ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ असंच आहे, ‘आपल्या’ नाही. पण पुढच्याच ओळीत वाटा फुटतात. मराठीत देवाला ‘तुझे नाव’, फिजीयनमध्ये ‘यादामुनी’, म्हणजे तुमचं नाव. तो शेवटचा ‘मुनी’ नीलमोहोर यांच्या ‘केमुनी’तलाच. आपण विठ्ठलाला अरे-तुरे करतो, हे फिजीतल्या म्हाताऱ्या पाद्र्याला सांगून बघा कुणीतरी.

टिवल्याबावल्या

@शब्दवेडा, दंडवत. तावाले हा प्रकार भारतात त्वरित आयात व्हावा. मेहुण्याला बोलायचं खूप साठलंय.

ऑकलंडकर

इथे शाळेत शिकवते, वर्गात फिजीयन मुलं असतात. दोन गोष्टींची भर.

एक, भुवया. प्रश्न विचारला की मूल बोलत नाही, फक्त भुवया वर उचलतं. तो ‘हो’ आहे. नवीन शिक्षक तीनदा विचारतात, मूल तीनदा भुवया उचलतं, दोघंही वैतागतात. आणि मोठी माणसं बोलताना मूल डोळ्याला डोळा देत नाही, कारण रोखून बघणं उद्धटपणाचं. मी मराठी घरात वाढले, ‘डोळे खाली कर’ ऐकतच मोठी झाले, त्यामुळे मला हे लगेच कळलं. काही सहकाऱ्यांना मात्र ते ‘आत्मविश्वास कमी’ वाटतं आणि तसं प्रगतिपुस्तकात लिहिलंही जातं. लाजणं, संकोच, भीड यांना मिळून त्यांचा एक शब्द आहे, ‘मान्दुआ’. तो सद्गुण आहे, आजार नाही.

दोन, २०१६ चं रिओ ऑलिंपिक. सेव्हन्स रग्बीच्या अंतिम सामन्यात फिजीने ब्रिटनला ४३-७ असं धुतलं. देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक, तेही सोन्याचं. नंतर त्यांनी ७ डॉलरची नोटच काढली. पण बघण्यासारखा होता तो पदकवितरण समारंभ. पदकं द्यायला ब्रिटनची राजकन्या ॲन होती. तिच्यापुढे एकेक धिप्पाड गडी गुडघ्यावर बसला, पदक गळ्यात घेतलं आणि पोकळ तळव्यांनी टाळ्या वाजवल्या. समाजमाध्यमांवर कुणी म्हणालं, जुन्या मालकांपुढे गुडघे कशाला? पण त्या पोरांनी गावात आजोबांकडून काही घेताना जे केलं असतं तेच तिथे केलं. चहाच्या खोलीतली टाळी वाचली आणि हेच आठवलं.

कडूलिंब

@ऑकलंडकर, हे पटलं. प्रगतिपुस्तकाचं वाचून वाईट वाटलं.

माफीचं काय करतात? ‘सॉरी’ला काय शब्द?

शब्दवेडा

रोजच्या वापरात ‘नी वोसोता साका’. वोसोता म्हणजे सोसणं, सांभाळून घेणं. धक्का लागला, उशीर झाला, अशा ठिकाणी पुरतो.

गंभीर चुकीला मात्र शब्द पुरत नाही, विधी लागतो. ‘मातानिङासाउ’ म्हणतात त्याला. अपराध्याच्या बाजूची माणसं ‘ताम्बुआ’ घेऊन, म्हणजे स्पर्म व्हेलचा दोरी ओवलेला दात घेऊन, दुसऱ्या बाजूच्या दारी जातात आणि खाली बसून क्षमा मागतात. बोलणारा स्वतःला आणि आणलेल्या वस्तूला जितकं लहान करता येईल तितकं करतो. ताम्बुआ स्वीकारला की प्रकरण मिटलं.

याचं प्रसिद्ध उदाहरण थॉमस बेकर या मिशनऱ्याचं. १८६७ मध्ये व्हिती लेव्हू बेटाच्या डोंगराळ भागात, नाम्बुताउताउ गावी त्याची हत्या झाली आणि त्याला खाल्लं गेलं. लोककथा अशी की सरदाराच्या केसांत खोवलेला कंगवा त्याने ओढून काढला, म्हणजे थेट डोक्यालाच हात लावला. इतिहासकार त्यामागे त्या भागातलं राजकारण बघतात, आणि मलाही तेच पटतं. पण डोक्याबद्दलचा नियम परदेशी लोकांना शिकवायला याहून परिणामकारक गोष्ट कुणाला सुचली नसती. २००३ मध्ये त्या गावाने बेकरच्या वंशजांना ऑस्ट्रेलियाहून बोलावून ताम्बुआ देऊन रीतसर माफी मागितली. मधे १३६ वर्षं गेली होती.

खारा_वारा

कंगव्याची गोष्ट लौटोकाला मीही ऐकली होती, सांगणारा माझ्या टकलाकडे बघत होता.

तिथल्या भारतीयांबद्दल कुणी लिहिलं नाही. १४ मे १८७९ ला ‘लिओनिदास’ जहाज कलकत्त्याहून ४६३ गिरमिटियांना, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांना, घेऊन लेव्हुकाला लागलं. १९१६ पर्यंत ६० हजारांच्या वर माणसं उसाच्या मळ्यांवर गेली. पुढे मद्रासहूनही जहाजं सुटली. शंभर-सव्वाशे वर्षं शेजारी राहून हे शिष्टाचार त्यांच्यात उतरले का, हे ताईंनी सांगावं.

नीलमोहोर

@खारा_वारा, काही उतरले, काही नाही. ‘बुला’ आणि ‘विनाका’ सगळेच म्हणतात, नंगोन्याच्या बैठकीतली टाळी आणि एका दमात पिणंही तसंच. माझे घरमालक फिजी हिंदी बोलतात. त्यांच्याकडे सत्यनारायण झाला की रात्री ओसरीवर तानोआ मांडतात आणि तिथे बसलेले सगळे थोम्बो वाजवतात. पण ‘नी’, ‘साका’, ‘मान्दा’ इतकी आतली भाषा फार थोड्यांना येते. इंग्रजांनी मळ्यातले आणि गावातले वेगवेगळे ठेवले, मग शाळाही वेगळ्या झाल्या, आणि एकमेकांशी बोलायला इंग्रजी आलं. २०१३ च्या राज्यघटनेत दोन्ही भाषा, इताउकेइ म्हणजे फिजीयन आणि फिजी हिंदी, सगळ्या प्राथमिक शाळांत सक्तीने शिकवायची तरतूद आहे. घरमालकांची नात शाळेतून आल्यावर आजोबांना ‘तुलोउ आजा’ म्हणत मुद्दाम वाकून जाते आणि ते हसतात.

माफीचा विषय निघालाच आहे तर, २०२३ च्या मे महिन्यात पंतप्रधान सितिवेनी राम्बुका यांनी १९८७ च्या लष्करी बंडाबद्दल भारतीय वंशाच्या लोकांची जाहीर माफी मागितली. ते बंड त्यांनी स्वतःच केलं होतं. आमच्या घरमालकांचे दोन्ही भाऊ त्यानंतर देश सोडून गेले होते. माफी पुरेशी वाटली का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘आया तो सही.’ पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

ऋतुगंधा

खूपच सुंदर धागा! आम्ही डिसेंबरात जातोय, मुलगा सात वर्षांचा. हॉटेलच्या लोकांनी एका गावात जायचं ठरवून दिलंय. तिथे काय न्यायचं, काय म्हणायचं? नाहीतर तो कुणाच्या तरी डोक्यावर हात मारायचा.

नीलमोहोर

@ऋतुगंधा, मुलांना सगळं माफ असतं, काळजी नको. मोठ्यांसाठी सांगते.

जाताना यांगोन्याच्या मुळांची जुडी न्या. कोणत्याही शहराच्या बाजारात वर्तमानपत्रात गुंडाळून, फीत बांधून मिळते. अर्धा किलो पुष्कळ. गावात शिरताना टोपी आणि गॉगल काढा, खांदे झाका, गुडघ्याखाली येईल असं काहीतरी नेसा. तिथे ‘सुलु’ म्हणतात, लुंगीसारखा, तोही बाजारात मिळतो. खांद्यावरची पिशवी हातात घ्या. चपला दाराबाहेर.

जुडी हातात खुपसायची नाही. बसल्यावर पुढे चटईवर ठेवायची. याला ‘सेवुसेवु’ म्हणतात, आत येण्याची परवानगी मागणं. तुमचा वाटाड्या तुमच्या वतीने बोलेल, बराच वेळ बोलेल, आणि त्यात ‘ही थोडीशीच आहे, नगण्य आहे’ असं बरंच येईल. आपलं ‘फूल ना फुलाची पाकळी’. तेव्हा मधेच ‘अहो, चांगली अर्धा किलो आहे’ असं सांगू नका, हे एका पुणेरी काकांनी माझ्यासमोर केलंय. त्यांच्याकडून उत्तर होईल, टाळ्या वाजतील, मग तुम्ही पाहुणे.

तोंडपाठ करायचं एवढंच: आत शिरताना ‘नी सा बुला’, कुणासमोरून जाताना वाकून ‘तुलोउ’, काही दिलं की ‘विनाका वाकालेवु’, निघताना ‘नी सा मोदे’. मुलाला ‘तुलोउ’ शिकवा, त्याला वाकून चालायला आवडेल.

पाय लांब करून कुणाकडे रोखायचे नाहीत, मांडी घालता येत नसेल तर पाय एका बाजूला दुमडा. घरातल्या एखाद्या वस्तूचं फार कौतुक करू नका, ती बांधून देतील आणि मग तुम्हालाच संकोच होईल. आणि तारीख ठरवताना रविवार टाळा, त्या दिवशी गाव चर्चमध्ये असतं आणि दुपारी सगळे झोपतात.

ऋतुगंधा

रविवारच दिला होता त्यांनी! आत्ताच मेल करून मंगळवार मागून घेतला. बाजार लौटोकाचा जवळ पडेल की नादीचा? हॉटेल देनाराउला आहे.

नीलमोहोर

नादीचा. देनाराउहून बस जाते. बाजारात शिरलं की डाव्या-उजव्या दोन्ही हातांना यांगोनावाले बसलेले दिसतील. एकदम पहिल्याकडून घेऊ नका, दोघातिघांना भाव विचारा, आणि विचारताना ‘साका’ लावा.